ड्रॉइंग एकटं पाठवू नका: एक्सरेफ, फॉन्ट आणि सीटीबीसकट पॅकेज कसं बांधायचं

प्रश्न असा आहे. सांगलीतल्या एका लहान आर्किटेक्ट ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनने पुण्याच्या आरसीसी कन्सल्टंटला ऑटोकॅडमध्ये काढलेला तळमजल्याचा प्लॅन मेलने पाठवला. तासाभरात तिकडून फोन. ग्रिड (कॉलमच्या आखणीच्या रेघा) दिसत नाही, टायटल ब्लॉक (नाव-तपशिलाची चौकट) गायब, मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं, आणि प्रिंट काढली तर सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. ‘आमच्या मशीनवर सगळं व्यवस्थित दिसतंय. मग चूक कोणाची, आणि फाइल पाठवायची तरी कशी?’

चूक तुमची. वाईट वाटून घेऊ नका, मी बावीस वर्षं ऑटोकॅडवर बसतोय आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मीही फाइली अशाच पाठवायचो. ‘आमच्याकडे तर बरोबर दिसतंय’ हे वाक्यही फोनवर ठणकावून म्हणायचो. ते खरंच असतं, पण समोरच्याच्या काही कामाचं नसतं.

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, एकच दिसते खरी, पण पूर्ण ड्रॉइंग तिच्यात मावलेलं नसतं. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, फेरफार पाहायचा तर वेगळी नोंद काढावी लागते, तसंच हे. रेघा, लेअर, ब्लॉक, डायमेन्शन हे सगळं फाइलच्या पोटात असतं. पण एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरची वेगळी ड्रॉइंग फाइल म्हणून, जोडलेला ग्रिड पोटात नसतो. तिथे फक्त ‘अमुक ड्राइव्हवर, अमुक फोल्डरमध्ये, अमुक नावाची फाइल आहे’ एवढी नोंद असते. जोडलेली जेपीजी, खाली अंथरलेली पीडीएफ, डेटा लिंकने आणलेला एक्सेलचा तक्ता, सगळ्यांची तीच गत. फॉन्टचं तर फक्त नाव. आणि कुठल्या रंगाची रेघ किती जाडीने छापायची हे ठरवणारी सीटीबी फाइल तर ड्रॉइंगच्या आसपासही नसते, ती तुमच्या मशीनवरच्या प्लॉट स्टाइल्सच्या फोल्डरमध्ये बसलेली असते. तुमच्या चारही तक्रारींचं उत्तर या एका परिच्छेदात आलं.

आता ते सगळं हाताने गोळा करत बसू नका. ऑटोकॅडमध्ये यासाठी ईट्रान्समिट नावाची कमांड आहे. ऑटोकॅड एलटी या छोट्या आवृत्तीतही आहे. झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड या दुसऱ्या कॅड प्रोग्रॅममध्येही त्याच नावाने मिळेल. ड्रॉइंग आधी सेव्ह करा, सेव्ह न केलेल्या फाइलवर ती पुढे जातच नाही. मग कमांड लाइनवर ईट्रान्समिट टाइप करून एंटर मारा. एक खिडकी उघडेल. त्यात झाडासारखी यादी दिसते. वर तुमचं ड्रॉइंग, खाली त्याला लटकलेले एक्सरेफ, त्यांना लटकलेले आणखी एक्सरेफ, मग चित्रं, फॉन्ट, सीटीबी. या यादीवरून एकदा शांतपणे नजर फिरवा. अर्ध्या चुका इथेच सापडतात. तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच कामाचा टायटल ब्लॉक अजून कुठेतरी लोंबकळतोय हे मला कित्येकदा या यादीतच कळलंय.

खरं महत्त्वाचं बटण खाली उजवीकडे असतं, ट्रान्समिटल सेटअप्स. बहुतेक जण ते उघडतच नाहीत, सरळ ओके दाबतात. तुम्ही उघडा, एक नवा सेटअप बनवा आणि ऑफिसात सगळ्यांनी तोच वापरायचा असं ठरवून टाका. त्यात पॅकेजचा प्रकार झिप ठेवा. फोल्डर कसे ठेवायचे याचे तीन पर्याय असतात. फोल्डरांची नीट रचना करून द्या, सगळं एकाच फोल्डरमध्ये टाका, किंवा आहे तसं ठेवा. मी नव्वद टक्के वेळा पहिला घेतो. त्यात रूट फोल्डर म्हणून प्रोजेक्टचं मुख्य फोल्डर दाखवायचं. मग त्या फोल्डरच्या आतल्या एक्सरेफना पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासूनचा सगळा पत्ता, दिलेला असला तरी पॅकेजमध्ये तो रिलेटिव्ह, म्हणजे ड्रॉइंगच्या जागेपासून मोजलेला, होतो, बाहेरच्या फाइली आत ओढून घेतल्या जातात, आणि फॉन्ट व प्लॉटच्या फाइलींसाठी वेगळी उपफोल्डरं तयार होतात. सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकणं सोपं वाटतं आणि लहान कामाला चालतंही. पण तुमच्याकडे ‘ए विंग’च्या फोल्डरमध्ये एक ‘जिना’ आणि ‘बी विंग’च्या फोल्डरमध्ये दुसरा ‘जिना’ अशा एकाच नावाच्या दोन फाइली असल्या की एकाच फोल्डरमध्ये नांदायच्या नाहीत. आहे तसं ठेवण्याचा पर्याय मात्र बाहेरच्या माणसासाठी नाहीच. तो तुमच्याच दुसऱ्या शाखेला, तुमच्यासारखीच ड्राइव्हची मांडणी असेल तेव्हा.

पाथचं मी एवढं लांबण का लावतोय, ते सांगतो.

२०११ साली एका निवासी इमारतीचं काम होतं. तळघर अधिक सात मजले. ठेकेदाराच्या ऑफिसात आमचाच एक जुना मुलगा कामाला लागला होता आणि त्याने तिथे आमच्यासारखीच फोल्डरं बनवली होती. डी ड्राइव्ह, प्रोजेक्ट, कामाचं नाव, एक्सरेफ. अगदी अक्षरशः तीच. दरम्यान लिफ्टच्या भिंतीपाशी ग्रिडची एक रेघ २३० मिलिमीटरने सरकली. मी नवा ग्रिड, नवा प्लॅन असं हातानेच झिप केलं आणि पाठवलं. घाई होती. त्याने झिप डेस्कटॉपवर उघडून प्लॅन पाहिला. ग्रिड दिसला, टायटल ब्लॉक दिसला, एकही इशारा आला नाही. प्रिंट काढून साइटवर दिली. लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची आखणी, झाली, दोन फुटिंगांचं पीसीसी, म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीटही, झालं. तिसऱ्या दिवशी साइट सुपरवायझरने सहज टेप लावली तेव्हा लिफ्टचा खड्डा वीटभर अरुंद भरला.

झालं काय होतं? आमच्या एक्सरेफना पूर्ण पाथ दिलेला होता. ऑटोकॅड आधी नोंदलेल्या पाथवर जाऊन पाहतं, तिथे नाही मिळालं तरच शेजारच्या फोल्डरमध्ये शोधतं. त्याच्या डी ड्राइव्हवर त्याच पाथवर महिनाभर जुना ग्रिड होता. ऑटोकॅडने तो उचलला. झिपमधला नवा ग्रिड शेजारीच पडून राहिला. न सापडलेला एक्सरेफ निदान बोंब मारतो. चुकीचा सापडलेला एक्सरेफ गप्प बसतो. मला सगळा धाक त्या गप्प बसणाऱ्याचा आहे. फोडलेल्या पीसीसीचे पैसे कोणी भरले ते विचारू नका.

तेव्हापासून माझ्याकडे पूर्ण पाथला बंदी आहे. ऑटोकॅड २०१८ पासून नवा एक्सरेफ जोडताना रिलेटिव्ह पाथ आपोआप निवडलेला येतो. त्याआधीच्या आवृत्तीत पूर्ण पाथ यायचा, आणि जुन्या फाइली अजूनही तेच ओझं वाहत असतात. एक्सरेफ पॅलेट उघडा, सगळे एक्सरेफ निवडा, उजवं क्लिक करून पाथ बदला. फाइली शेकड्याने असतील तर ऑटोकॅडसोबत रेफरन्स मॅनेजर नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम येतो, स्टार्ट मेनूत सापडेल. त्यात ड्रॉइंग न उघडताच पाथ बदलता येतात. तो असतो हेच अनेकांना माहीत नसतं.

सेटअपमधल्या बाकीच्या खुणांबद्दल थोडक्यात. डीफॉल्ट प्लॉटर ‘नन’ करा, ही खूण हमखास लावा. तुमच्या ऑफिसातला नेटवर्कवरचा प्लॉटर पुण्यात नाही. ऑटोकॅड तो शोधत बसतं आणि फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागतं, मग समोरचा म्हणतो तुमची फाइल जड आहे. पर्जची, म्हणजे न वापरलेले लेअर, ब्लॉक वगैरे काढून टाकण्याची, खूण लावायला हरकत नाही. ती पॅकेजमधल्या प्रतींवर चालते, तुमच्या मूळ फाइलला धक्का लागत नाही. अनलोड केलेल्या एक्सरेफची खूण मी काढून ठेवतो. जे मी मुद्दाम उतरवून ठेवलंय ते दुसऱ्याला कशाला?

आता फॉन्ट. प्रश्नचिन्हं दिसली म्हणजे बहुधा तुमच्या टेक्स्ट स्टाइलमध्ये एखादा बाहेरून मिळवलेला एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा प्रकार) फॉन्ट आहे, जो पुण्यात नाही. फॉन्ट मिळाला नाही की ऑटोकॅड बदली फॉन्ट लावतं, तो बहुतेक ठिकाणी सिम्प्लेक्स असतो. त्यात तुमच्या फॉन्टमधलं एखादं खास चिन्ह नसलं की प्रश्नचिन्ह. फॉन्ट सोबत पाठवायची खूण सेटअपमध्ये आहेच, एसएचएक्ससाठी ती लावा. ट्रू टाइप फॉन्टचं मात्र जपून. ते कोणाच्या तरी मालकीचे असतात, विकत घेतलेले असतात, आणि ते असे झिपमधून वाटायची परवानगी आपल्याला असतेच असं नाही. समोरच्याकडे तो फॉन्ट आहे का हे विचारा, नसेल तर सरळ एरियल वापरा. ड्रॉइंगवर सुंदर अक्षर कोणाला हवंय, मला तर कॉलमचं माप वाचता आलं पाहिजे.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा नकाशा असला की टायटल ब्लॉकमध्ये मौजे, तालुका, गट क्रमांक मराठीत लागतात, आणि ते अनेक ऑफिसांत अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेले असतात. या जुन्या फॉन्टांत आतली अक्षरं रोमनच असतात, फक्त दिसायला देवनागरी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘मौजे’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. नवं काम युनिकोडमध्ये करा आणि फॉन्ट निर्मला यूआय ठेवा, तो विंडोज ८ पासून विंडोजसोबतच येतो. मंगल मात्र गृहीत धरू नका. विंडोज १० मध्ये तो पर्यायी फीचर म्हणून वेगळा उतरवावा लागतो, त्यामुळे तुमच्या जुन्या मशीनवर असलेला मंगल समोरच्याच्या नव्या मशीनवर नसू शकतो. आणि ज्या मजकुरात पुढे काहीच बदलायचं नाही, ऑफिसचं नाव वगैरे, तो एक्सप्रेस टूल्समधल्या टेक्स्टएक्सपने फोडून रेघा करून टाका. फोडण्याआधी मूळ प्रत वेगळी ठेवा, त्या रेघांचा परत मजकूर होत नाही.

सीटीबीचं सोपं आहे. ईट्रान्समिट ती पॅकेजमध्ये घालतं, पण घालून भागत नाही, समोरच्याने ती त्याच्या प्लॉट स्टाइल्सच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायला हवी. ऑटोकॅडमध्ये स्टाइल्समॅनेजर टाइप केलं की तेच फोल्डर उघडतं, त्यात कॉपी-पेस्ट, झालं. हे वाक्य तुमच्या मेलमध्ये लिहा. कन्सल्टंटच्या ऑफिसातला मुलगा झिपमध्ये सीटीबी पाहून तिच्यावर डबल-क्लिक करतो, काहीतरी खिडकी उघडते, तो बंद करतो, आणि प्रिंट पुन्हा सरसकट एकाच जाडीची येते. आणखी एक काळजी. तुमच्या सीटीबीचं नाव ‘ऑफिस’ किंवा ‘नवीन’ असं असेल तर ते आत्ताच बदला. समोरच्याकडेही ‘ऑफिस’ नावाची सीटीबी असते, आणि दोघांतली एक दुसरीवर चढते. तोच गप्प बसणाऱ्या एक्सरेफचा प्रकार.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा फोन यावरूनच येणार आहे: आवृत्ती. ऑटोकॅड दरवर्षी नवं येतं, फाइलचा फॉरमॅट मात्र दरवर्षी बदलत नाही. २०१८ मध्ये आलेला फॉरमॅट २०२५ मध्येही तोच आहे. त्याआधीचे २०१३, २०१०, २००७, २००४, २०००. आलेली फाइल कुठल्या फॉरमॅटची आहे हे कळत नसेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. सगळी अक्षरं कचरा दिसतील, पण अगदी पहिली सहा वाचता येतात. एसी१०३२ असेल तर २०१८ चा, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०२४ म्हणजे २०१०, एसी१०२१ म्हणजे २००७. पाहून झालं की सेव्ह न करता बंद करा, नाही तर फाइलची वाट लागेल. समोरच्याला विचारून सेटअपमध्ये फॉरमॅट निवडा. ईट्रान्समिट झाडातल्या सगळ्या फाइली एकदम खाली उतरवतं, सेव्ह अ‍ॅजने तुम्ही फक्त वरची एक उतरवली असती आणि एक्सरेफ नव्या फॉरमॅटमध्येच राहिले असते. समोरचा माणूस फक्त पाहणारा असेल, क्लायंट वगैरे, तर त्याला ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू उतरवून घ्यायला सांगा. फुकट आहे, आणि त्यातूनही फॉरमॅट बदलता येतो.

सिव्हिल थ्रीडी किंवा ऑटोकॅड आर्किटेक्चरमध्ये केलेलं काम साध्या ऑटोकॅडवाल्याला पाठवणार असाल तर ते आधी एक्सपोर्ट टू ऑटोकॅडने साध्या रेघांत उतरवा. नाही तर त्याला प्रॉक्सी ऑब्जेक्ट मिळतात, दिसतात पण संपादित करता येत नाहीत.

आता तुमचे सिनियर म्हणतील, ‘एवढी कटकट कशाला, बाइंड कर आणि पाठव.’ बाइंड म्हणजे एक्सरेफ कायमचे ड्रॉइंगमध्ये मुरवणं. ईट्रान्समिटमध्ये ती खूणही आहे. मी याच्या अगदी विरुद्ध नाही. महापालिकेला किंवा क्लायंटला शेवटची प्रत द्यायची, पुढे त्यात बदल नाहीत, तर बाइंड चांगलंच, एक फाइल, विषय संपला. पण आरसीसीवाल्याला बाइंड केलेली फाइल देऊ नका. त्याला तुमचा प्लॅन त्याच्या ड्रॉइंगखाली एक्सरेफ म्हणून अंथरायचा असतो. उद्या तुम्ही फक्त ग्रिड बदललात तर त्याला फक्त ग्रिडची फाइल बदलून चालायला हवं. बाइंड केलं की लेअरच्या नावांत डॉलर-शून्य-डॉलर घुसतं, ‘ग्रिड-डॉलर-शून्य-डॉलर-ए-कॉलम’ असली नावं तयार होतात, आणि त्याने लावलेले लेअर फिल्टर फुकट जातात. बाइंड करताना इन्सर्टचा पर्याय घेतला तर ती शेपटं येत नाहीत, पण दोन फाइलींतले एकाच नावाचे लेअर आणि ब्लॉक एकमेकांत मिसळतात. तुमच्या ‘कॉलम’ ब्लॉकचं माप एका फाइलीत २३० बाय ४५० आणि दुसरीत ३०० बाय ४५० असेल तर एकच उरेल. शिवाय चित्रं आणि पीडीएफ बाइंड होत नाहीत, ती सोबत द्यावीच लागतात.

पाठवण्याआधीची साफसफाई मूळ फाइलवर एकदा करा: ऑडिट (फाइलमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी कमांड), मग पर्ज. फाइल एवढं करूनही फुगलेली वाटली तर पर्जच्या आधी वजा चिन्ह टाइप करा आणि आर निवडा, रेगअ‍ॅप्स नावाचा न दिसणारा कचरा निघतो. दहा जणांच्या फाइलींतून कॉपी-पेस्ट करत मोठ्या झालेल्या ड्रॉइंगमध्ये तो हजारोंनी साठलेला असतो. ओव्हरकिल मात्र विचार करून चालवा, एकावर एक असलेल्या रेघा ते काढून टाकतं आणि कधीकधी त्यातली एक तुम्हाला हवी असते.

साफसफाईत एक गोष्ट पर्ज करत नाही, ती तुम्ही करायची. बंद किंवा फ्रीझ केलेले लेअर उघडून बघा. तुम्हाला दिसत नाहीत, समोरच्याला एका क्लिकमध्ये दिसतात. मी एका लेअरवर ‘क्लायंट हे मान्य करणार नाही, तरी दाखवू’ असं लिहिलेलं ड्रॉइंग त्याच क्लायंटला पाठवलेलं पाहिलंय. आणि टायटल ब्लॉकमध्ये आर्किटेक्टची स्कॅन केलेली सही चित्र म्हणून जोडली असेल, तर ईट्रान्समिट प्रामाणिकपणे तीही झिपमध्ये घालतं. स्वच्छ, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, कुठेही चिकटवता येईल अशी सही. यादीत तिच्यासमोरची खूण काढा. सही हवी तर पीडीएफवर.

सर्व्हेवर बसवलेलं काम असेल तर आणखी एक. डीजीपीएसने, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने अचूक जागा काढणाऱ्या यंत्राने, केलेला सर्व्हे यूटीएममध्ये (पृथ्वीचे पट्टे पाडून आखलेली नकाशाची जाळी) मीटरमध्ये येतो. ईस्टिंग सहा आकडी, नॉर्दिंग सात आकडी. आर्किटेक्टचा प्लॅन मिलिमीटरमध्ये, शून्य-शून्यच्या आसपास. कोणीतरी वैतागून सर्व्हे उचलतो आणि शून्यावर आणून ठेवतो. ते करू नका. सर्व्हे जागेवर राहू द्या, तुमच्यापुरता यूसीएस, म्हणजे मोजणीचा आरंभबिंदू आणि अक्ष, फिरवा. पाठवताना युनिट्समध्ये मीटर की मिलिमीटर हे नेमकं भरा, कारण एक्सरेफ जोडताना ऑटोकॅड त्यावरूनच हजारपट लहान-मोठं करतं, आणि तिथे युनिटलेस ठेवलं असेल तर त्याला तुमचं खरं युनिट कळत नाही. पॅकेजसोबतच्या टिपेत यूटीएमचा झोन, म्हणजे पट्ट्याचा क्रमांकही, लिहा. सांगली-पुणे ४३ मध्ये येतात, नागपूर ४४ मध्ये.

टिपेवरून आठवलं. ईट्रान्समिटच्या खिडकीत खाली एक रिकामा चौकोन असतो, तिथे लिहिलेलं पॅकेजमधल्या रिपोर्टच्या टेक्स्ट फाइलीत जातं. मी तिथे चार ओळी लिहितो. मुख्य फाइल कुठली, आवृत्ती आर-किती (आर म्हणजे रिव्हिजन), युनिट काय, सीटीबीचं नाव काय. आणि व्ह्यू रिपोर्ट दाबून तो रिपोर्ट पाठवण्याआधी स्वतः वाचतो. न सापडलेल्या फाइलींची नावं त्यातच असतात. खिडकीत सगळं हिरवंगार वाटत असताना रिपोर्टच्या तळाशी एक ओळ बसलेली असते, अमुक फाइल मिळाली नाही. ती ओळ वाचायला वीस सेकंद लागतात.

मग माझी सवय. बनवलेलं झिप मी पेनड्राइव्हवर घेतो आणि रिसेप्शनच्या मशीनवर उघडून पाहतो. त्या मशीनवर ऑटोकॅड आहे, पण आमचे फॉन्ट, आमच्या सीटीबी, प्रोजेक्टची ड्राइव्ह काहीच नाही. ते मशीन म्हणजे माझ्यासाठी पुण्याचा कन्सल्टंट. तुमच्याकडे दुसरं मशीन नसेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव दोन मिनिटांपुरतं बदला, झिप दुसरीकडे उघडा, आणि आतलं ड्रॉइंग लावून बघा. फोल्डरचं नाव परत ठीक करायला मात्र विसरू नका, मी एकदा विसरलो होतो आणि सगळं ऑफिस दुपारभर माझ्या नावाने ओरडत होतं.

झिप घेणाऱ्याच्या बाजूलाही एक सापळा आहे आणि तुमच्या कन्सल्टंटच्या मुलाने तोच केला असण्याची दाट शक्यता आहे. विंडोजमध्ये झिपवर डबल-क्लिक केलं की ते साध्या फोल्डरसारखं उघडतं. आत ड्रॉइंग दिसतं, त्यावर डबल-क्लिक. विंडोज फक्त तेवढीच एक फाइल टेम्प फोल्डरमध्ये काढून ऑटोकॅडला देतं. बाकीचे एक्सरेफ झिपमध्येच अडकलेले. ऑटोकॅड म्हणतं मिळाले नाहीत, तो म्हणतो तुम्ही पाठवले नाहीत, तुम्ही म्हणता पाठवलेत, आणि तिघेही खरं बोलत असतात. वर त्याने दोन तास त्यात काम करून सेव्ह केलं तर ते काम टेम्पमध्ये जातं. म्हणून मेलमध्ये पहिली ओळ: आधी उजवं क्लिक, एक्स्ट्रॅक्ट ऑल, मग उघडा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून सुट्या डीडब्ल्यूजी पाठवायची सवयही सोडा. दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाइलच्या नावाला कंसात एक लागतो, आणि ‘ग्रिड’ शोधणाऱ्या एक्सरेफला ‘ग्रिड कंसात एक’ ओळखू येत नाही. झिप पाठवलं तर आतली नावं तरी शाबूत राहतात. मेलचं म्हणाल तर जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे, त्याहून मोठं ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या.

आणि दुसऱ्याचं पॅकेज तुमच्याकडे येईल तेव्हा उघडण्याआधी आत काय काय आहे ते बघा. डीडब्ल्यूएल (फाइल उघडी असल्याची खूण) आणि बॅक (आधीची प्रत) फाइली दिसल्या तर समजा हाताने झिप केलंय, त्या निरुपद्रवी आहेत, काढून टाका. पण अकॅड किंवा अकॅडडॉक नावाची एलएसपी, एफएएस किंवा व्हीएलएक्स फाइल दिसली तर थांबा, त्या ऑटोकॅडमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइली असतात. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये असली फाइल असली की जुनं ऑटोकॅड ती न विचारता चालवायचं. २०१२ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने मेड्रे नावाचा असाच एक किडा उघडकीस आणला होता. ऑटोलिस्पमध्ये लिहिलेला, ड्रॉइंगसोबत फोल्डरमध्ये फिरणारा, आणि उघडलेली ड्रॉइंगं चीनमधल्या मेल खात्यांना परस्पर पाठवणारा. सर्वाधिक फटका पेरू देशाला बसला होता. ऑटोकॅड २०१४ पासून सिक्युअरलोड ही सेटिंग आली, ती अनोळखी फोल्डरमधला प्रोग्रॅम चालवण्याआधी विचारते. लोक त्या खिडकीला कंटाळून ती शून्य करून ठेवतात. तुमच्या मशीनवर किती आहे बघा, शून्य असेल तर एक करा.

पॅकेजसोबत दरवेळी पीडीएफ द्या, कन्सल्टंटने मागितली नाही तरी. मी डीडब्ल्यूजीवर कधीच ‘जीएफसी’चा (गुड फॉर कन्स्ट्रक्शन, म्हणजे बांधकामाला मंजूर) शिक्का मारत नाही, तो पीडीएफवर. उद्या वाद झाला, तुमच्याकडे ड्रॉइंग असं दिसत होतं की तसं, तर पीडीएफ काढून दाखवता येते. झिपच्या नावात कामाचं नाव, विषय, आर-नंबर आणि तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल खरा’ हे प्रकार मी खूप पाहिलेत, एकही फायनल नव्हता.

तुमच्या आजच्या प्रकरणात एवढंच करा. एक्सरेफचे पाथ रिलेटिव्ह करून सेव्ह करा, वर सांगितलेल्या सेटअपने ईट्रान्समिट करा, रिपोर्ट वाचा, दुसऱ्या मशीनवर उघडा, पीडीएफ जोडा, आर-१ म्हणून पाठवा. पाठवल्यावर कन्सल्टंटच्या ऑफिसात फोन करून ज्याच्या हातात माउस आहे त्या मुलाशी बोला, साहेबांशी नको. त्याला सांगा, आधी पाठवलेली ती एकटी डीडब्ल्यूजी डाउनलोड्समधून, डेस्कटॉपवरून, जिथे असेल तिथून काढून टाक. तो ‘हो’ म्हणाला तरी ती काढली का ते त्याच फोनवर विचारा.